मुळशीच्या वाटेवर

प्रवासाची साधने जशी बदलतात, तसा प्रवाशाला दिसणारा देशही बदलतो. आगगाडीने जाणाऱ्याला नद्यांवरचे पूल दिसतात. त्या नद्यांची नावे मात्र त्याच्या कानी क्वचितच पडतात. मोटारीतून जाणारा घाट चढतो, परंतु तो चढ त्याच्या अंगाला जाणवत नाही. पायी जाणाऱ्याला सारे काही दिसते. तथापि सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालूनही त्याची मजल दहा कोसांच्या पुढे सहसा जात नाही. सायकलस्वाराची गोष्ट या तिघांहून वेगळी आहे. दिवसाकाठी शंभर किलोमीटरांचा पल्ला तो गाठू शकतो, आणि तरीही वाटेवरचा प्रत्येक चढ त्याच्या पायांना व प्रत्येक उतार त्याच्या हातांना ओळखीचा होतो. वाटेत कोणी हाक मारली, तर त्याला तत्काळ थांबताही येते.

अशा प्रवासास योग्य असा एक रमणीय प्रदेश पुण्याच्या पश्चिमेस आहे. पुण्याहून मावळतीकडे निघाले म्हणजे सपाट मुलूख लवकरच संपतो आणि सह्याद्रीच्या रांगा समोर उभ्या राहतात. या रांगांच्या मधल्या खोऱ्यांतून ठिकठिकाणी निळे, विस्तीर्ण जलाशय पसरलेले आहेत. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना आणि मुळशी ही त्यांतील प्रमुख नावे. नकाशात पाहणाऱ्याला ही जुनी सरोवरे आहेत असे वाटते. परंतु यांतील एकही निसर्गाने निर्माण केलेले नाही. नद्यांना बांध घालून माणसाने हे पाणी अडविले आहे. या एका गोष्टीची आठवण ठेवून जो या प्रदेशात फिरेल, त्याचाच प्रवास सार्थकी लागेल.

या भागात सायकलीने जाण्याचे मार्ग अनेक आहेत. पिरंगुटहून डावीकडे वळले, तर मुठा खोऱ्यातून टेमघरच्या धरणाकडे जाता येते. पौडहून उत्तरेस वळले, तर कोळवणच्या खोऱ्यातून तिकोना गडाच्या पायथ्याशी आणि तेथून पवनेच्या जलाशयाकडे जाता येते. परंतु या सर्वांत बोधप्रद मार्ग म्हणजे पुणे, पौड, मुळशी, ताम्हिणी, विळे व माणगाव हा होय. त्याची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे. देशावर आरंभ झालेला हा मार्ग कोकणात संपतो.

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. त्या शहरातून भल्या पहाटे निघालेला स्वार चांदणी चौकाची चढण चढून भूगावच्या दिशेने लागतो. पुढे पिरंगुटचा छोटा घाट लागतो. घाट लहान असला, तरी नवख्याची परीक्षा पाहण्यास तो पुरेसा आहे. चढ समोर दिसताच जोर करून वेगाने निघावे, असा मोह नवख्यास होतो. आणि अर्ध्या वाटेवर तो धापा टाकीत खाली उतरतो. अनुभवी स्वार तसे करीत नाही. चढ सुरू होण्यापूर्वीच तो सायकलीचा गिअर हलका करतो, म्हणजे साखळी मागील चाकाच्या मोठ्या दातेरी चक्रावर घेतो. त्यामुळे पायांचे फेरे वाढतात, पण प्रत्येक फेऱ्यास लागणारा जोर कमी होतो. गती मंदावते, श्वासाची लय मात्र बिघडत नाही. यंत्र कोणतेही असो, एकंदर काम ते कमी करीत नाही. ते काम पेलेल अशा लहान लहान भागांत वाटून देते, एवढेच. चढावर हे तत्त्व पायांनीच शिकता येते.

पिरंगुट मागे पडले की मुळशी तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले पौड गाव येते. पुण्यापासून ते सुमारे ३० किलोमीटरांवर आहे. येथून पुढे रस्ता मुळा नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे जाऊ लागतो. दोन्ही बाजूंना डोंगर जवळ येत जातात. पायथ्याशी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे दिसतात. पाऊस सरल्यावर आश्विन-कार्तिकात येथून जाणाऱ्याला पिवळ्या पडत चाललेल्या भाताचा मंद दरवळ वाटेवर भेटतो. हा मुलूख सुवासिक आंबेमोहर तांदळासाठी फार पूर्वीपासून नावाजलेला आहे.

पुण्यापासून सुमारे ४५ किलोमीटर आल्यावर मुळशीचे धरण जवळ येते. दगडी बांधणीची ती प्रचंड भिंत मुळा नदी आणि तिला मिळणारी निळा नदी यांच्या संगमाजवळ उभी आहे. त्या भिंतीमागे खोऱ्याच्या प्रत्येक फाट्यात शिरलेले पाणी पश्चिमेकडे दूरवर पसरले आहे. चढ चढून दमलेला स्वार या पाण्याच्या दर्शनाने सुखावतो. तो सायकल झाडाला टेकवतो, घाम पुसतो आणि घटकाभर पाहत राहतो. पाण्यात उतरलेले डोंगरांचे माथे, त्यांवरून सरकणारी ढगांची सावली आणि पलीकडच्या तीरावरचे दाट रान, हे दृश्य पाहून कोणाचेही मन प्रसन्न होईल. परंतु जाणत्या प्रवाशाला तेथे आणखी एक प्रश्न पडतो : हे पाणी येण्यापूर्वी या जागी काय होते?

या जागी गावे होती. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईतील गिरण्यांना व आगगाड्यांना विजेची निकड भासू लागली. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे अपार पावसाचे पाणी अडवावे, ते नळांतून कोकणात सोडावे आणि त्या प्रपाताच्या बळावर वीज निर्माण करावी, अशी योजना टाटा उद्योगसमूहाने आखली. तिच्यातून १९१५ मध्ये खोपोलीचे व १९२२ मध्ये भिवपुरीचे वीजगृह सुरू झाले. तिसरी योजना मुळशीची. तिच्यासाठी मुळा-निळेच्या खोऱ्यातील सुपीक भातजमिनी पाण्याखाली जाणार होत्या. बुडणाऱ्या व बाधित होणाऱ्या गावांची संख्या बावन्न अशी सांगितली जाते.

जमिनीची रीतसर संमती नसतानाही खोदकामास प्रारंभ झाला, तेव्हा मावळातील शेतकरी प्रतिकारास सिद्ध झाले. १९२१ च्या रामनवमीस, म्हणजे १६ एप्रिल रोजी, मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. स्त्रिया, पुरुष, म्हातारी माणसे कामाच्या जागी जाऊन बसली. प्राण गेला तरी चालेल, पण जमीन जाऊ नये, असा त्यांचा निर्धार होता. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याचे प्रमुख नेते होते. बापटांना ‘सेनापती’ हे नाव लोकांनी याच लढ्यात दिले, आणि पुढे तेच त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. या लढ्यापायी त्यांनी व त्यांच्या अनेक सहकाऱ्यांनी कारावास भोगला. सुमारे तीन वर्षे हा झगडा चालला. धरणांच्या विरुद्ध उभ्या राहिलेल्या जगातील अगदी आरंभीच्या जनआंदोलनांत अभ्यासक त्याची गणना करतात.

या लढ्यात सर्वांचे हित एकसारखे नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. काही जमिनींचे मालक पुण्यासारख्या शहरात राहत. त्यांना जमिनीच्या बदल्यात पैसा मिळाला, तर तो घेऊन स्वस्थ बसणे शक्य होते. परंतु जो प्रत्यक्ष नांगर धरीत होता, त्या कुळाच्या हाती पैसा पडो वा न पडो, त्याचे घर, शेत, देवस्थान आणि शेजार ही सारी एकदमच जात होती. अखेरीस लढा मावळला, धरण पूर्ण झाले आणि मावळ्यांना पिढ्यानपिढ्यांच्या जमिनीवर पाणी सोडावे लागले. काही कुटुंबे परमुलखी गेली. काही त्याच डोंगरांच्या वरच्या उतारांवर सरकली. तेथे खाचरे नव्हती. वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवून त्यांना दिवस काढावे लागले.

ही हकिकत कळली म्हणून समोरच्या पाण्याचे सौंदर्य उणे होत नाही. मात्र ते पाहणाऱ्याच्या मनातील भाव बदलतो. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी ओसरते आणि काठाशी तळाची जमीन उघडी पडते, तेव्हा तो तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

धरणापासून पुढे रस्ता जलाशयाच्या कडेकडेने जातो. कधी तो पाण्याशी लगट करतो, तर कधी टेकाडाला वळसा घालून रानात शिरतो. लहान लहान चढउतार एकामागून एक येतात. पळसे, निवे, ताम्हिणी अशी गावे लागतात. निव्याजवळून एक फाटा उत्तरेस भांबर्डे व सालतरमार्गे लोणावळ्याकडे जातो. ज्याला कोकणात उतरायचे नाही, त्याने हा डोंगरी फाटा धरावा. मात्र त्यावरील चढ अधिक कठीण आहेत.

जसजसे पश्चिमेकडे जावे, तसतसे रान दाट होत जाते. जांभूळ, हिरडा, अंजनी, ऐन, आंबा अशा वृक्षांची छाया रस्त्यावर पडते. उतारांवर कारवीची झुडपे माजलेली असतात. ती सात वर्षांतून एकदा फुलतात. पहाटेच्या शांततेत कस्तुर पक्ष्याची शीळ ऐकू येते. ती इतकी माणसासारखी असते, की नवखा स्वार कोणी बोलावले म्हणून मागे वळून पाहतो. उंच फांद्यांवरून झेप घेणारा शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी येथे आढळतो. मोटारीच्या घरघरीत यांतील काहीच ऐकू येत नाही. सायकल जवळजवळ निःशब्द चालते, म्हणून रान तिच्यापासून दूर पळत नाही. या भागातील अरण्यास २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा देण्यात आला.

परंतु या रानाचे रक्षण त्यापूर्वीही होत होते. मुळशीच्या खोऱ्यात अनेक गावांना स्वतःची देवराई आहे. देवाच्या नावाने राखलेल्या या वनातील झाड तोडू नये, वाळकी काटकीसुद्धा घरी नेऊ नये, असा पूर्वजांचा दंडक असे. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला आणि अन्यत्र दुर्मीळ झालेल्या वनस्पती तेथे टिकून असल्याचे दाखवून दिले. ज्या लोकांची शेते पाण्याखाली गेली, त्यांच्याच पूर्वजांनी ही वने राखली होती. प्रवाशाला मिळणारी सावली ही अशी त्यांची देणगी आहे.

ताम्हिणीच्या पुढे घाटमाथा येतो. हा सह्याद्रीचा जलविभाजक होय. येथे पूर्वेकडच्या उतारावर पडलेला पावसाचा थेंब मुळेतून पुण्यास, तेथून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातो. त्याच्या शेजारीच, पण पश्चिमेच्या उतारावर पडलेला थेंब कुंडलिका नदीतून रेवदंड्याच्या खाडीत व अरबी समुद्रात पोहोचतो. दोन थेंबांतील अंतर हातभर, पण त्यांचे समुद्र वेगळे. मनुष्याने मात्र या नियमास एक अपवाद घडविला आहे. मुळशीच्या जलाशयातील पाणी वास्तविक पूर्वेचे. बोगदा व नळ यांच्या साह्याने ते पश्चिमेकडे वळविण्यात आले आहे.

पश्चिम घाटाच्या या माथ्यावर पाऊस किती पडतो, याची कल्पना पुण्यात बसून येत नाही. २५ जुलै २०२४ रोजी ताम्हिणी येथे चोवीस तासांत ५०० मिलिमीटरहून अधिक पावसाची नोंद झाली. पुणे शहरात पावसाळ्याच्या कित्येक आठवड्यांत मिळूनही इतका पाऊस होत नाही. अशा दिवसांत दरडी कोसळतात, धुक्यात चार हातांवरचे दिसत नाही आणि रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहतात. भर पावसाळ्यात या घाटात सायकल नेणे हे धाडस नसून अविचार आहे. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ या प्रवासास उत्तम.

आता उतार सुरू होतो. घाटमाथ्यापासून विळ्यापर्यंत वाट सुमारे ५०० मीटर खाली जाते. चढावर पायांची परीक्षा होते; उतारावर बुद्धीची होते. सायकल आणि स्वार यांचे एकत्रित वजन ८० किलोग्रॅम धरले, तर एवढ्या उतरणीत सुमारे ३,९०,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. लिटरभर साधे पाणी उकळण्यास याहून कमी ऊर्जा पुरते. यांपैकी काही भाग वाऱ्याच्या विरोधात खर्च होतो. उरलेला ब्रेकला सोसावा लागतो. म्हणून ब्रेक सतत दाबून ठेवू नये. तसे केल्यास ते तापतात आणि त्यांची पकड ढिली होते. वळण येण्यापूर्वीच वेग आटोक्यात आणावा आणि मध्ये मध्ये ब्रेक सोडून त्यांस निवू द्यावे. केवळ पुढचा ब्रेक जोराने दाबू नये. दोन्हींचा एकत्र उपयोग करावा. अलीकडे हा रस्ता रुंद झाला असून त्यावर मोठ्या वाहनांची वर्दळ वाढली आहे. तेव्हा डावी बाजू न सोडणे, डोक्यावर शिरस्त्राण घालणे व एकामागून एक अशा ओळीने जाणे, हे नियम पाळलेच पाहिजेत.

गंमत अशी, की ज्या उंचीमुळे सायकलस्वाराचे ब्रेक तापतात, त्याच उंचीमुळे मुंबईत दिवे लागतात. विळ्याच्या जवळच भिरा नावाचे गाव आहे. तेथील वीजगृह १९२७ मध्ये सुरू झाले. मुळशीचे पाणी सुमारे ५०० मीटर उंचीवरून तेथे आदळते व चक्रे फिरवते. हिशेब केला, तर असे दिसते की एवढ्या उंचीवरून हजार लिटर पाणी खाली आले, म्हणजे साधारणतः एक युनिटभर वीज हाती येते. घरातील एक दिवा रात्रभर विनाकारण जळत राहिला, तर त्यामागे या डोंगरावरून किती घागरी पाणी उतरले असेल, याचा ज्याचा त्याने विचार करावा. काम संपलेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते आणि ती नदी उन्हाळ्यातही वाहती राहते.

दुपार कलते तेव्हा स्वार विळ्याच्या पुढे, नारळी-पोफळीच्या मुलखात आलेला असतो. हवा दमट झालेली असते. मागे वळून पाहिले तर सह्याद्रीची काळी भिंत आकाशाला भिडलेली दिसते, आणि आपण सकाळी तिच्या पलीकडे होतो हे त्याला खरेदेखील वाटत नाही.

एका दिवसाच्या या प्रवासात त्याने पुष्कळ पाहिलेले असते. त्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालल्या, सहस्रावधी हातांना काम मिळाले. ते खोटे नाही. त्या पाण्याखाली कुणाची तरी खाचरे निजलेली आहेत. तेही खोटे नाही. जगात बहुतेक सोयी अशाच असतात. त्यांचा लाभ एका ठिकाणी होतो व त्यांचे मोल दुसऱ्याच ठिकाणी कोणीतरी चुकवलेले असते. ते मोल चुकवणारे पुष्कळदा आपल्या डोळ्यांआड राहतात. लाभ घेणाऱ्यांनी त्यांची नावे विसरू नयेत, आणि पुन्हा कधी असा प्रसंग आला तर त्यांचा वाटा त्यांना आधी मिळेल असे पाहावे, एवढे तरी न्यायाने घडले पाहिजे.

म्हणूनच या वाटेने जाणाऱ्याने जलाशयाच्या काठी उष्ट्या पत्रावळी व प्लॅस्टिकच्या पिशव्या टाकू नयेत, देवराईत धांगडधिंगा करू नये आणि वाटेवरच्या एखाद्या आजोबांनी पाण्याचा तांब्या पुढे केला, तर घाईने निघून न जाता त्यांच्याजवळ क्षणभर टेकावे. ‘बाबा, तुमचे मूळ गाव कोणते?’ असे विचारावे. कदाचित ते उत्तर देण्यासाठी जलाशयाच्या मध्यभागी बोट दाखवतील.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मुळशीचा सत्याग्रह कोणत्या दिवशी सुरू झाला?
(आ) मुळशीच्या जलाशयातील पाण्यावर कोणत्या गावी वीज निर्माण केली जाते?
(इ) कारवी किती वर्षांनी फुलते?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) चढ सुरू होण्यापूर्वी अनुभवी स्वार काय करतो व का?
(आ) घाट उतरताना ब्रेक सतत दाबून का ठेवू नये?
(इ) शहरात राहणारे जमीनमालक आणि जमीन कसणारी कुळे यांच्या हानीत कोणता फरक होता?

३. ‘मावळ्यांना जमिनीवर पाणी सोडावे लागले’ या वाक्याचे दोन अर्थ होतात. ते दोन्ही स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : सार्थकी लागणे, कानी पडणे, मोल चुकवणे, दिवस काढणे.

५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करा : चढउतार, जलविभाजक, भातखाचरे, नाचणी-वरी.

६. उपक्रम : आपल्या गावाला पाणी किंवा वीज पुरवणाऱ्या धरणाची माहिती मिळवा. त्या धरणाखाली कोणती गावे गेली व तेथील लोक आज कोठे राहतात, हे वडीलधाऱ्या माणसांना विचारून वहीत लिहा.